रुमालाची गाठ

(अभिलेख कक्ष. शिडीवरून एक गठ्ठा खाली येतो.)

हा गठ्ठा शेवटचा कधी सोडला, ते इथे कुणालाच आठवत नाही. गाठ सोडायला दोघे लागले.

महसुली दप्तर ज्या कापडात बांधतात, त्याला रुमाल म्हणतात. आत फेरफार, वारसनोंदी, जमिनीचे निकाल. कुणाच्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर कसं आलं, त्याचा पुरावा या कापडात आहे.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीतले गठ्ठे असेच सोडायला लावले. कोणता कागद किती वर्षं ठेवायचा, याचे नियम जुनेच होते. पाळले जात नव्हते. ते पाळले गेले, कचेरीची मांडणी बदलली, आणि 'लखिना पॅटर्न' हे नाव राज्यभर झालं.

(टेबल. कागदांचे ढीग वेगळे होत जातात.)

अ, ब, क, ड. 'अ' कायमचा, 'ड' थोड्या काळाचा. हे हात किती सावकाश चालतात, बघा. फेरफाराचा कागद चुकून 'ड'मध्ये पडला, तर एका घराचा पुरावा रद्दीत गेला. म्हणून अव्वल कारकून प्रत्येक कागद वाचतात. घाई करून चालत नाही, आणि कुणी करूही नये.

(कारकुनाचं टेबल. सहा गठ्ठे.)

टेबलावर सहा गठ्ठे. आज निकाली काढायची प्रकरणं. उत्तराची वाट बघणारी. ठरल्या तारखेला पाठवायची विवरणपत्रं. स्थायी आदेश. अभिलेख कक्षात जाणारी. नष्ट करायची. 2017च्या सुमारास पुणे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी 'झिरो पेंडन्सी' मोहीम राबवली, तीही याच पद्धतीवर.

(रंगवलेली कपाटं. नवे फलक.)

मोहिमेचे फोटो इथेच काढले जातात. किती रुमाल बांधले, किती कपाटं रंगवली, याचे अहवाल वर जातात. पण कपाट आवरलं ते कुणासाठी? साहेबांची बदली होते, नवे साहेब नवी मोहीम आणतात, आणि सहाव्या गठ्ठ्यावर सातवा चढतो. फायदा झाला की नाही हे कपाट सांगणार नाही. ते सांगेल ही वही.

(नक्कल खिडकी. नोंदवहीवर कॅमेरा स्थिर.)

अर्ज आल्याची तारीख. नक्कल दिल्याची तारीख. या दोन रकान्यांतलं अंतर दर आठवड्याला कुणीतरी मोजायला हवं, आणि ते कुणी मोजायचं हे मोहीम सुरू व्हायच्या आधी ठरायला हवं. 2015च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आहे. मुदत पाळली गेली का, ते इथेच दिसतं.

(खिडकीशी एक आजी. हातात नक्कल.)

आजींचा अर्ज सकाळचा, नक्कल दुपारची. त्यांना साडेचारची एसटी मिळाली.

(शिपाई रुमाल पुन्हा बांधतो. गाठ सैल, एका हाताने सुटेल अशी.)