शिशाच्या मोहोरांतले धर्माधिकारी

श्रोतेहो, नमस्कार. बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्यातल्या बिशपांनी आणि त्यांच्या कारभाऱ्यांनी शतकानुशतके जी पत्रे व निवाडे लिहिले, त्यांतले बहुतेक नष्ट झाले. पण त्यांना बांधलेल्या शिशाच्या मोहोरा मात्र जमिनीखाली टिकून राहिल्या. त्या काळच्या चर्चचा दैनंदिन कारभार समजून घ्यायचा, तर या नाण्याएवढ्या चकत्यांइतका जवळचा साक्षीदार दुसरा नाही, असे मला मनापासून वाटते.

शिशाच्या चकतीत आरपार पोकळी ठेवलेली असे. पत्रातून ओवलेली दोरी त्या पोकळीतून काढून चकती सांडशीसारख्या लोखंडी अवजारात धरीत. त्याच्या दोन्ही जबड्यांवर उलटी अक्षरे व चित्रे कोरलेली असत. वरून हातोड्याचा घाव बसला की दोन्ही बाजूंना ठसा उमटे, पोकळी दबून दोरी आत पक्की अडके आणि मोहोर किंवा दोरी तोडल्यावाचून पत्र उघडता येत नसे. सोन्याची मोहोर हा सम्राटाचा मान होता. धर्माधिकाऱ्यांचे काम शिशावरच चाले.

मोहोरेवर काय कोरावे, यात श्रद्धा आणि राजकारण दोन्ही दिसतात. आठव्या-नवव्या शतकांत धार्मिक प्रतिमांवर बंदी आली, त्या काळात मोहोरांवर क्रूस आणि क्रूसाच्या आकारात गुंफलेली अक्षरे यांवरच भर राहिला. 843 साली प्रतिमांना पुन्हा मान्यता मिळाली आणि राजधानी कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वोच्च धर्मप्रमुख, मेथोडियस यांच्या मोहोरेवर बाळ येशूला घेतलेली मेरी आली. प्रांतोप्रांतीचे धर्मप्रमुख आपापल्या नगराचा संत निवडीत: थेसालोनिकीला संत दिमित्रियस, पात्रासला संत अँड्र्यू. अथेन्सच्या मोहोरांवर मेरी दिसते, कारण तिथले पार्थेनॉन हे प्राचीन मंदिर तेव्हा तिचेच चर्च होते. भोवती किंवा मागे बहुधा ‘तुझ्या सेवकाला साहाय्य कर’ अशी प्रार्थना, आणि मग नाव व पद.

मला सर्वांत मोलाची वाटते ती कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफिया या मुख्य चर्चच्या ‘एकदिकोई’ या धर्माधिकाऱ्यांची सामाईक मोहोर. चर्चच्या आश्रयाला आलेल्यांची, त्यांत खून करून आलेल्यांचीही, प्रकरणे हे मंडळ पाही. तिच्यावर मेरी आणि सम्राट जस्टिनियन या दोघांनी मिळून हागिया सोफियाची वास्तू हातांत धरली आहे. आश्रयाला आलेल्या माणसाचा निवाडा ज्या पत्राने होई, त्यावर देवमाता आणि चर्च उभारणारा सम्राट एकत्र असावेत, यामागचा विचार किती गंभीर आहे!

वॉशिंग्टनमधील डंबार्टन ओक्स या संस्थेत अशा सुमारे 17,000 बायझंटाइन मोहोरा आहेत आणि व्हितालियाँ लोराँ या फ्रेंच धर्मगुरू-विद्वानाने चर्चच्या मोहोरांची मोठी सूची सिद्ध केली. या कामात चिकाटी लागते. एका झिजलेल्या मोहोरेवर बिशपाचे नाव उरलेले असते, नगर गेलेले असते. त्याच ठशाची दुसरी फुटकी मोहोर भलतीकडेच सापडते आणि तिच्यावर नगर शाबूत असते. दोन्ही शेजारी ठेवल्या की अन्य कुठल्याही ग्रंथात न आढळणाऱ्या बिशपाची त्या धर्मपीठाच्या यादीत नोंद करता येते.