बैलाचं नाक शिंगापर्यंत

(इंदुरात मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टेबलावर मांडलेल्या कवट्यांपैकी सगळ्यात मोठी आहे ती माळवी बैलाची. करवतीने मधोमध उभी कापलेली आहे. नंतर पुढे येऊन तिचं कपाळ कापलेल्या बाजूने जरूर बघा. बाहेरून जे हाड दगडासारखं भक्कम वाटतं ते आत भरीव नाहीच. हाडाचे दोन पातळ थर, मधे बोट सहज शिरेल एवढी पोकळी आणि त्या पोकळीत वेडेवाकडे हाडाचेच पडदे. ही कपाळाची सायनस. माणसाची भुवईच्या वरच थांबते. बैलाची मात्र मेंदूच्या वरून मागे मानेकडच्या कडेपर्यंत पसरते आणि बाजूने शिंगात शिरते. वासरू साधारण सहा महिन्यांचं झालं की शिंगाचा हाडाचा गाभा आतून पोकळ व्हायला लागतो. नाकाच्या आत जे ओलं अस्तर असतं, तेच पातळ होऊन त्या पोकळीला लागतं. म्हणजे बैल श्वास घेतो तेव्हा त्याच्या नाकातली हवा शिंगाच्या आतपर्यंत जोडलेली असते.

हे एकदा लक्षात आलं की गोठ्यातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. झुंजीत शिंग बुडातून मोडलं आणि नाकपुडीतून रक्त आलं की माणसं घाबरतात, डोक्याला आतून मार बसला असं समजतात. बहुतेक वेळा ते शिंगाच्या पोकळीतलंच रक्त असतं आणि वाट मिळेल तिथून, त्याच बाजूच्या नाकपुडीतून, उतरतं. खरा धोका पुढे असतो. उघड्या पडलेल्या बुडात राख, शेण, हळद कोंबतात. आपल्याला वाटतं जखमेवर लेप लावला. प्रत्यक्षात आपण ते सारं सायनसमध्ये भरलेलं असतं. मग पू होतो, माश्या बसतात, अळ्या पडतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, तिथे काहीही भरू नका. स्वच्छ कापडाने झाका, पट्टी बांधा आणि पशुवैद्याला बोलवा.

शिंग काढायचंच असेल तर वासरू अगदी लहान असताना काढावं, तेही याच कारणाने. पहिल्या काही आठवड्यांत शिंगाचा कोंब फक्त कातडीत असतो, कवटीला चिकटलेला नसतो. भूल देऊन तेवढाच डागला की काम होतं. वाढलेलं शिंग कापणं म्हणजे कपाळाला भोक पाडणं. करडाच्या बाबतीत जास्त जपा: त्याची कवटी इतकी पातळ असते की डागणी जरा जास्त टेकली तर चटका मेंदूपर्यंत पोचतो.

शिंगाचा कर्करोग हा तर आपल्याकडच्या बैलांचा जुना शत्रू. तो सुरू होतो शिंगाच्या आतल्या त्या अस्तरातच, त्यामुळे बाहेरून बराच काळ काही दिसत नाही. बैल सारखं डोकं झटकतो, शिंग खुंटाला घासतो, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळलेला स्राव येतो. पुढे शिंग ढिलं होऊन कलतं. पोळ्याला शिंगं रंगवताना हात फिरतोच, तेव्हा दोन्ही शिंगांचं बूड चाचपून बघा. शिंग कलण्याआधी रोग हाती लागला तर शिंग काढून बैल वाचवता येतो.

आता घोडा. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. त्याची मऊ टाळू इतकी लांब आहे की श्वास घेताना तोंड आणि घसा यांमधली वाट बंदच असते. वरातीतल्या घोडीचा नाकावरचा पट्टा फार खाली, हाड संपून मऊ भाग सुरू होतो तिथे, आवळलेला दिसला तर कृपा करून घोडीवाल्याला थांबवा. तिला दुसरी वाट नाही.

घोड्याची गालातली सायनस वरच्या मागच्या दाढांच्या मुळांवरच आहे. ही दुसरी कवटी बघा, मुळं पोकळीत फुगून वर आलेली स्पष्ट दिसतात. दाढ किडली की पू सायनसमध्ये उतरतो आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतो. अशा वेळी सर्दीचं औषध देत बसण्यात अर्थ नाही, दाढ बघायला हवी. एकाच नाकपुडीतून वाहत असेल तर दुखणं बहुधा नाकात किंवा सायनसमध्ये, दोन्हींतून वाहत असेल तर घशात किंवा त्याच्या खाली. पक्का नियम नव्हे, पण सुरुवात इथून करावी. पोटशूळ झालेल्या घोड्याला नाकातून नळी घालतात ती नाकाच्या तळाशी असलेल्या वाटेने. तीच नळी जरा वर, मधल्या वाटेत गेली तर मागच्या नाजूक, रक्ताने भरलेल्या हाडांच्या जाळीवर आदळते आणि रक्ताची धार लागते.

मेंढ्या उन्हात एकमेकींच्या पोटाखाली नाक खुपसून उभ्या राहतात ते एका माशीच्या भीतीने. ती नाकपुडीत जिवंत अळ्या सोडते, आणि त्या चढत चढत कपाळाच्या सायनसपर्यंत जातात.

कुत्र्याच्या नाकात हाडाच्या कागदासारख्या पातळ गुंडाळ्या ठासून भरलेल्या असतात. काही वास ओळखण्यासाठी, काही हवा ओली आणि गार करण्यासाठी. धापा टाकणारा कुत्रा हवा मुख्यतः नाकाने आत घेतो आणि तोंडाने सोडतो; त्या ओल्या अस्तरावरून पाणी उडून जातं तेव्हा त्याचं अंग निवतं. पगचा चेहरा माणसाने दाबून आखूड केला, पण आतली मऊ टाळू त्या मानाने आखूड झाली नाही. कपाळाची सायनस जवळपास नाहीशी, गुंडाळ्या दाटीवाटीने कोंबलेल्या, नाकपुड्या चिंचोळ्या. मे महिन्यातल्या इंदुरात असा कुत्रा दुपारी फिरवायला नेणं मला बघवत नाही. त्याचं घोरणं गोड वाटतं खरं, पण ती श्वासासाठी चाललेली झटापट असते.

कोंबडीचं थोडक्यात सांगतो. तिची सायनस डोळ्याच्या खाली असते आणि बाहेरच्या बाजूने तिला हाड नाही, नुसती कातडी. म्हणून संसर्गजन्य सर्दी झाली की तिचा चेहराच सुजतो, कधी डोळा मिटून जातो. अशी कोंबडी दिसली की तिला लगेच वेगळी काढा आणि तिचं पाण्याचं भांडं बाकीच्यांत ठेवू नका, रोग पाण्यातूनही पसरतो.