गुडघ्यात दुखतं नेमकं कुठे?

(दृश्य: दुर्बिणीच्या पडद्यावर गुडघ्याचा आतला भाग. एक बोथट सळई हळूहळू पुढे सरकते.)

हा गुडघा स्कॉट डाय यांचा. सॅन फ्रान्सिस्कोचे अस्थिरोगतज्ज्ञ. भूल दिलीय ती कातडीपुरती, सांध्याच्या आत नाही. ते टक्क जागे आहेत, आणि सळई टेकेल तिथे किती दुखतं ते सांगताहेत. वाटीच्या मागच्या कूर्चेवर, म्हणजे हाडाच्या गुळगुळीत आवरणावर, टेकली. काही नाही. कूर्चा खराब झालेली, तरीही काही नाही. मग पुढच्या बाजूचं अस्तर आणि चरबीची गादी. तिथे मात्र जीवघेणी कळ. दोन्ही गुडघ्यांचा हा वेदनेचा नकाशा १९९८ साली प्रसिद्ध झाला. एकावर भागलं नाही, दुसराही उघडून दिला!

कूर्चेत मज्जातंतूच नसतात.

(दृश्य: लाइटबॉक्सवर एक्स-रेची फिल्म.)

आता ही फिल्म. ‘गॅप कमी झालीय’, ‘वंगण संपलंय’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. पण एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही. दिसतात हाडं, आणि मधली फट म्हणजे कूर्चा असं धरून चालायचं. ही फट आणि हाडाच्या कडेला वाढलेले काटे पाहून केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ मध्ये झिजेच्या ० ते ४ अशा चढत्या पायऱ्या लावल्या. त्या आजही वापरात आहेत. ज्या कूर्चेला स्वतःला दुखत नाही, तिच्या झिजेवरून आपण दुखणं जोखतो. मग चौथ्या पायरीची आजी तरातरा जिना उतरते आणि पहिल्या पायरीची मावशी कठडा सोडत नाही, यात नवल ते काय?

(दृश्य: एमआरआय. कूर्चेखालच्या हाडात पांढुरका ढग.)

हाडाला मात्र दुखतं. २००१ मध्ये बोस्टनच्या डेव्हिड फेल्सन यांच्या गटाने ४०१ जणांचे गुडघे एमआरआयवर पाहिले. एक्स-रेत झीज सगळ्यांचीच होती. दुखणाऱ्या गुडघ्यांपैकी ७७.५ टक्क्यांत हा ढग सापडला, न दुखणाऱ्यांपैकी ३० टक्क्यांत.

तरी लगेच एमआरआयला धावू नका. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात एक्स-रे स्वच्छ असलेले, पन्नाशी ओलांडलेले ७१० जण तपासले, तर ८९ टक्क्यांच्या एमआरआयमध्ये काही ना काही निघालं. ज्यांना दुखत नव्हतं, त्यांच्यातही जवळपास तितकंच.

(दृश्य: संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक एक्स-रे.)

२०२१ मध्ये संगणकतज्ज्ञ एमा पिअरसन आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच उलटा केला. संगणकाला एक्स-रे दाखवले, पण डॉक्टरांची पायरी शिकवली नाही. शिकवलं ते पेशंटने सांगितलेलं दुखणं. अमेरिकेत पायरी तीच असली तरी कृष्णवर्णीय पेशंट जास्त दुखतं म्हणतात, आणि त्याचं कारण गुडघ्याबाहेर शोधलं जाई. जुन्या पायऱ्यांनी या तफावतीचा ९ टक्के उलगडा होत होता. संगणकाने ४३ टक्के केला. फिल्म तीच, साध्या एक्स-रेची.