नेव्हीत होतो, आणि विमानच उडवत होतो

मंडळी, आधी एक गोष्ट सांगून टाकतो. मघाशी माझी ओळख "आपले एअरफोर्सचे साहेब" अशी करून दिली गेली. मी नेव्हीत होतो. विमानच उडवत होतो, पण नेव्हीचं. हे लोकांना सांगता सांगता पन्नास वर्षं गेली. रजेवर कोल्हापुरात शिवाजी पेठेत घरी आलो की शेजारच्या काकू आईला विचारायच्या, "पोरगं बोटीवर हाय न्हवं? मग इमान कुठनं आलं?" काकूंचा प्रश्न रास्तच होता. पण काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं सत्कार केला, प्रेमानं ढाल दिली, आणि तिच्यावर कोरलेलं 'निवृत्त विमानदल अधिकारी'. ती ढाल मी कपाटात पाठमोरी ठेवली आहे. माझ्याबरोबर उडालेले सगळे परत आले नाहीत, आणि त्यांची वर्दी पांढरी होती. म्हणून लागतं.

आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे. पायदळ आपल्या रक्तात आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण गगनबावड्याचा घाट उतरला की कोकण, पुढं समुद्र, आणि आपला पोरगा भरतीला निघाला की बघतो बेळगावकडं, मराठा पायदळाच्या केंद्राकडं. समोर बसलेल्या मुलांनो, तुमच्यासाठीच आलोय.

तर माझं विमान सी हॉक, नेव्हीचं लढाऊ जेट. त्यात सीट एकच. शिकवणारा शेजारी किंवा मागं बसेल अशी सोयच नाही, म्हणजे पहिल्या उड्डाणाला एकटे आणि जहाजावर पहिल्यांदा उतरतानाही एकटेच. गोव्यात दाबोळीच्या धावपट्टीवर डेकची, म्हणजे जहाजाच्या वरच्या सपाट पृष्ठभागाची, सवय करवून घेतात, पण ती जमीन असते, जागची हलत नाही. आमचं विमानवाहू जहाज 'विक्रांत'. तिची सगळी लांबी २१३ मीटरच्या आसपास, त्यातला उतरायचा पट्टा त्याहून आखूड. आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळाची धावपट्टी डोळ्यांसमोर आणा आणि तिचा एक तुकडा कापून समुद्रात सोडा!

वरून ती काडेपेटीएवढी दिसली. तोंडाला कोरड पडली होती. डेकच्या कडेला आरसा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची ओळ, मधे पिवळसर उजेडाचा ठिपका. ठिपका ओळीच्या वर गेला तर तुम्ही उंच, खाली गेला तर खाली. डेककडं बघायचंच नाही, ठिपक्याकडं बघायचं. हे सगळ्यांत अवघड, कारण डोळे आपोआप डेककडं ओढले जातात. विमान हळुवार टेकवायचंही नाही, चक्क आपटायचं, आणि आपटताक्षणी इंजिन पूर्ण ताकदीनं सोडायचं. का? शेपटाखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकला नाही, तर पुढं समुद्रच आहे, त्याआधी परत हवेत उठता आलं पाहिजे. माझा हुक अडकला. खांद्यांवरचे पट्टे असे करकचून आवळले की वाटलं कुणीतरी मागून कंबर धरून ओढतंय. ताशी दोनशेच्या आसपास आलेलं विमान दोन-तीन सेकंदांत उभं! समोर पिवळ्या जॅकेटमधला माणूस "पुढं हो, पुढं हो" असे हात करत होता, कारण माझ्यामागं दुसरा येत होता. घाबरायलाही वेळ मिळाला नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं म्हणतायत. विषय तर १९७१ च्या युद्धाचा होता! भराभर सांगतो. मी तेव्हा शिकतच होतो, हे वरिष्ठांकडून ऐकलेलं. 'विक्रांत'च्या एका बॉयलरला तडा होता, पूर्ण वेग घेता येत नव्हता. तरी तिला बंगालच्या उपसागरात ठेवली. तिच्या शोधात आलेली पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी' विशाखापट्टणमजवळ बुडाली. ४ डिसेंबरला सी हॉक कॉक्स बाजार आणि चितगावावर गेले, पुढं अलिझे विमानांनीही बंदरांवर मारा केला. पूर्व पाकिस्तानातल्या फौजेला समुद्रातून ना कुमक आली, ना पळता आलं. विमानवाहू जहाज कशाला पाहिजे, एवढा खर्च कशाला, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर हेच. जमिनीवरचा तळ कुठं आहे हे शत्रूला ठाऊक असतं. हा तळ रात्रीत जागा बदलतो. १९९७ ला ती निवृत्त झाली, २०१४ ला भंगारात गेली, त्याबद्दल आज नको. २ सप्टेंबर २०२२ ला नवी 'विक्रांत' आली, आणि तिच्यावरही तारा आहेत.

मुलांनो, गोव्याला जाल तेव्हा दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे. तिथं सी हॉक उभं आहे. फोटो नंतर काढा. आधी वाकून शेपटाखालचा हुक बघा.