बरगडीतली मेजवानी

श्रोतेहो, नमस्कार.

2012 साली इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात, मोटारी उभ्या करायच्या जागेखाली एक सांगाडा सापडला. कणा वाकडा, कवटीवर घाव. हा राजा तिसरा रिचर्ड, 1485 मध्ये लढाईत पडलेला. त्या लढाईबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. मला त्याच्या बरगडीबद्दल बोलायचंय.

हाड म्हणजे दगड नव्हे. जिवंतपणी ते झिजत असतं आणि पुन्हा भरत असतं. बरगडी काही वर्षांत नवी होते, मांडीच्या हाडाला दहा-पंधरा वर्षं लागतात. दात मात्र लहानपणी घडला की घडला. म्हणजे एकाच माणसाच्या अंगात त्याच्या आयुष्यातले तीन काळ साठलेले असतात! आता यात जेवण कसं ओळखायचं? अन्नातला नायट्रोजन हाडात उतरतो. त्यातला जड नायट्रोजन, म्हणजे जरा जास्त वजनाच्या अणूंचा प्रकार, गवतापेक्षा गवत खाणाऱ्या जनावरात थोडा जास्त असतो, त्या जनावराला खाणाऱ्यात आणखी जास्त. नदीतल्या माशांत तर बराच. रिचर्डच्या मांडीत तो होता त्याहून बरगडीत जास्त निघाला. गादीवर बसला दोनच वर्षं, पण तेवढ्यात ताटात मासे आणि रानपक्षी वाढले होते. वाइनही वाढली असावी, असं संशोधक म्हणतात. असो, राजाच तो.

पूर्वीच्या माणसांचे दात मोत्यासारखे असायचे, असं आपण सर्रास म्हणतो. मोरोक्कोतल्या ताफोराल्ट इथल्या गुहेत सुमारे पंधरा ते चौदा हजार वर्षांपूर्वीच्या माणसांचे सांगाडे आहेत. तेव्हा ना साखर होती, ना शेती. तरी निम्म्याहून जास्त दात किडलेले. ही माणसं ओकच्या झाडाची पिष्टमय फळं भरपूर खायची, ती दातांना चिकटत असणार.

हाडांच्या बळकटीत मात्र जुन्या शिकाऱ्यांपुढे आपण हात टेकावेत. अमेरिकेत इलिनॉयमध्ये सात हजार वर्षांपूर्वीचे शिकारी आणि त्याच भागातले सातशे वर्षांपूर्वीचे शेतकरी यांचे खुबे तपासले गेले. शिकाऱ्यांच्या खुब्यात हाड सुमारे 20 टक्के जास्त भरलं. फरक खाण्यापेक्षा चालण्याधावण्यातला, असा निष्कर्ष निघाला. मला तो पटतो; ज्या हाडावर भार पडतो तेच भरतं. मध्य युरोपातल्या पहिल्या शेतकरी बायकांच्या दंडाची हाडं तर आजच्या वल्हवणाऱ्या खेळाडू मुलींपेक्षाही भक्कम होती.

पण भार प्रमाणाबाहेर गेला की हाड तेही लिहून ठेवतं. सीरियात युफ्रेटिसकाठी अबू हुरेरा नावाचं फार जुनं गाव होतं. तिथल्या सांगाड्यांत पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर दाबाच्या खुणा, कंबरेचे मणके खराब. या खुणा बहुतेक बायकांच्या हाडांवर. गुडघे टेकून, पायाची बोटं मागे दुमडून त्या रोज तासन्‌तास दगडावर धान्य रगडत असत.