पडदा चिकटला, पण दिसेल किती?

मंडळी, डोळ्याचा पडदा (रेटिना) सरकला की नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन शंभर टक्के यशस्वी होईल ना?" याचं एका आकड्यात उत्तर देता येत नाही. पडदा जागेवर बसणं हा एक निकाल आणि त्या डोळ्याने पेपर वाचता येणं हा दुसरा.

पहिला निकाल आज फार चांगला आहे. शंभरातल्या साधारण 85 ते 90 जणांचा पडदा पहिल्याच शस्त्रक्रियेत बसतो, पुन्हा करावी लागलेल्या शस्त्रक्रिया धरल्या तर 95च्या पुढे. शंभर वर्षांपूर्वी बहुतेक रुग्ण आंधळेच व्हायचे. त्यांना महिनोन् महिने नुसतं झोपवून ठेवत. 1920च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे नेत्रतज्ज्ञ ज्यूल गोनँ यांनी दाखवून दिलं, की मूळ दुखणं पडद्याला पडलेलं भोक आहे, ते बुजवा. सुरुवातीला त्यांचं कोणी ऐकेना! आजही डोळ्याला बाहेरून पट्टा घाला, व्हिट्रेक्टॉमी करा (म्हणजे डोळ्यातला दाट द्रव काढा), पडदा दाबून धरायला आत वायू भरा, करायचं तेच असतं.

आता दुसरा निकाल. वय वाढलं की डोळ्यातला दाट द्रव आक्रसतो आणि सुटताना पडद्याला ओढतो. तिथे फाटलं तर पाणी मागे शिरतं आणि ओल आलेल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटतो. त्याच्या बाहेरच्या पेशींना प्राणवायू मिळतो मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून. तो दुरावला की पेशी मरू लागतात. पडद्याच्या मधोमध मॅक्युला असतो, वाचन आणि चेहरे ओळखणं त्याच्यावर. मॅक्युला सुटायच्या आत शस्त्रक्रिया झाली तर नजर बहुतेकदा पूर्वीइतकी राहते. तो सुटल्यावर झाली तर 6/12 पर्यंत (चांगल्या नजरेला 12 मीटरवरून दिसतं ते 6 मीटरवरून दिसणं) पोहोचणारे साधारण निम्मेच. बाकीच्यांना अक्षरं वाकडी दिसतात, रंग फिके वाटतात. सुधारणा वर्षभरही होत राहते, पण कोरी नजर परत मिळत नाही. म्हणून डॉक्टरांना आधी विचारा, "मॅक्युला अजून चिकटलेला आहे का?" असेल तर आज-उद्याच. मुहूर्त बघू नका, मुलगा पुण्याहून यायची वाट बघू नका. सुटला असला तरी शक्यतो पहिल्या तीन दिवसांत, फार तर आठवड्यात उरकलेलं बरं.

शस्त्रक्रिया फसते ती बहुधा पडद्यावर व्रणाची साय धरल्यामुळे. आम्ही तिला पीव्हीआर म्हणतो. शंभरात पाच ते दहा जणांना ती होते, पहिल्या दोनेक महिन्यांत. मग पुन्हा शस्त्रक्रिया आणि बहुधा वायूऐवजी डोळ्यात सिलिकॉन तेल भरणं. ते काही महिन्यांनी काढावं लागतं, तोवर चष्म्याचा नंबर भलताच असतो. व्हिट्रेक्टॉमीनंतर वर्ष-दोन वर्षांत बहुतेकांना मोतीबिंदूही वाढतो आणि धूसर दिसू लागतं. लोक म्हणतात, पडदा पुन्हा गेला. गेलेला नसतो, पण तपासल्याशिवाय कळत नाही.

आता खास नाशिककरांसाठी. आपल्यातले पुष्कळजण ऑपरेशन मुंबईला करून घेतात आणि कसारा घाट चढून घरी येतात. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे डोळ्यात भरलेला वायू फुगू पाहतो. डोळा मात्र फुगत नाही, मग आतला दाब वाढतो. कपाळ ठणकतं, उलटी होते आणि घरचे म्हणतात गाडी लागली! तेव्हा मुंबईच्या सर्जनला आधीच सांगा, "मला घाट चढून नाशिकला जायचंय." कधी निघायचं ते त्यांना ठरवू द्या. सप्तशृंगगड तर आणखी उंच, देवी थांबेल. ओझरहून विमानाने जाणं वायू विरेपर्यंत पूर्ण बंद: एसएफ6 वायू असेल तर साधारण दोन आठवडे, सी3एफ8 असेल तर सहा ते आठ. त्या काळात दुसरं कुठलं ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोळ्यात वायू असल्याचं सांगा. भुलीसाठी वापरतात त्या नायट्रस ऑक्साइडने तो फुगतो. मान कशी ठेवायची, पालथं झोपायचं की कुशीवर, ते भोक कुठे होतं त्यावर ठरतं. शेजाऱ्याला सांगितलं होतं ते तुम्हाला लागू नाही.

एका डोळ्याचा पडदा सुटलेल्या शंभरातल्या साधारण दहा जणांचा दुसराही पुढेमागे सुटतो. जास्त मायनस नंबर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याला मार लागलेला किंवा घरात कोणाला हा आजार असेल तर जास्त जपा. अचानक डोळ्यासमोर माशांसारखे खूप काळे ठिपके, विजेसारखी चमक किंवा कडेने काळी सावली दिसली तर त्याच दिवशी तपासून घ्या. नुसतं फाटलेलंच सापडलं तर बहुधा लेझरवर भागतं. तपासणीला बाहुली मोठी करणारे थेंब घालतात आणि चार-पाच तास धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवणारं कोणीतरी बरोबर आणा.