रंगाचा एक थेंब न वापरता लाकडाचा गवा

हा बघा. अंग काळपट, पायात पांढरे मोजे, शिंगं पिवळी आणि टोकं काळी. ब्रश कुठेच लावलेला नाहीये, सगळा लाकडाचा स्वतःचा रंग. सावंतवाडीची खेळणी रंगवतात, ती मलाही आवडतात, पण हा खेळ वेगळाय.

गवाच का? कारण राधानगरीच्या जंगलातला खरा गवा नीट बघितलात तर त्याचा रंग गुडघ्यापाशी एकदम बदलतो, आणि जिथे रंग बदलतो तिथेच आपला जॉइंट लपतो. वाघ करायला जाऊ नका, पट्टे जोडता जोडता वेडे व्हाल.

अंगाला शिसव, जुन्या पलंगाचा खूर होता तो. मोज्यांना शिवणीचं लाकूड, हलकं आणि फिकट. कपाळावर साग, शिंगांना फणस. सगळं वखारीतल्या आणि सुताराकडच्या उरलेल्या तुकड्यांतून.

आता लक्ष द्या, आधी कोरून मग चिकटवायचं नाही, आधी ठोकळे चिकटवायचे आणि मग सगळा मिळून एकच प्राणी समजून कोरायचा, म्हणजे शिसवीतून शिवणीत जाताना बोटाला पायरी लागत नाही. पायाच्या लाकडाची रेघ उभीच हवी, आडवी ठेवलीत तर पटाशीच्या पहिल्या दणक्याला पाय हातात येतो. गुडघ्याला दोन्हीकडून लाकडाचं तोंड, म्हणजे रेघांची कापलेली टोकं येतात, तिथे नुसता फेविकॉल धरत नाही, म्हणून आत ८ मिमीची खुंटी. आणि साग, शिसव तेलकट असतात हो, चिकटवायच्या जरा आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या.

मग चिकटवलेल्या ठोकळ्याच्या एका बाजूला गव्याचं साइडचं चित्र, वरच्या बाजूला वरून दिसणारं. बँडसॉवर (पट्ट्याच्या करवतीचं मशीन) आधी एक बाजू कापायची, निघालेले तुकडे टेपने परत जागेवर लावायचे (नाहीतर दुसरं चित्र गेलंच ना त्यांच्याबरोबर) आणि मग दुसरी बाजू. पुढे पटाशी आणि कानस, तिथे घाई नाही.

माझा पहिला गवा मात्र वाया गेला. सगळा एकत्र घासला, शिसवीचा काळा भुसा शिवणीच्या छिद्रांत बसला, मोजे असे झाले की गवा चिखलातून आलाय! ओल्या फडक्याने पुसलं तर अजून आत गेलं. आता मी फिकट भागाला आधी लाखेच्या पॉलिशचा पातळ हात देतो, घासतो शिसवीकडून बाहेर, आणि भुसा फुंकून काढतो, पुसत नाही. मास्क लावा बरं का, शिसवीचा भुसा नाकाला झोंबतो.

शेवटी तेलाचा एक हात, शिसव तेव्हा जी उघडते ना, तो क्षण कॅमेऱ्यात नीट आलाच नाही. शिंगं आत्ता हळदीसारखी दिसतायत, पण फणस आहे तो, उजेडात राहून हळूहळू तांबूस होणार, म्हणून याला खिडकीत नाही, आतल्या कपाटावर ठेवलाय.